उत्तरपक्ष पुढच्या गुरुवारी

८ जानेवारी, गुरुवार

आजही बोलले नाही.

तोंड उघडलं होतं. पण तेवढ्यात सौमित्रने "एकूणच पाहता" म्हणून सुरुवात केली, आणि तो एकदा एकूण पाहायला लागला की दुसऱ्या कोणाला काही दिसत नाही. शेवटी चारुशीला मॅडमनीच थांबवलं.

"पान कोणतं?"

"एकूणच, मॅडम."

"एकूण नावाचं पान माझ्या प्रतीत नाही."

आम्ही पाच जण. एम.ए. तत्त्वज्ञान, पहिलं वर्ष. दर गुरुवारी दुपारी विभागाच्या ग्रंथालयातल्या लांब टेबलाभोवती हा वाचनवर्ग भरतो. मॅडम आठवडाभर आधी वीस पानं देतात. एकाने मांडायचं, बाकीच्यांनी भांडायचं. त्या स्वतः शिकवत नाहीत, फक्त पान विचारतात. मला हा तास सगळ्या तासांत जास्त आवडतो आणि बुधवारपासून त्याचीच धास्ती असते.

बाहेर आल्यावर यास्मीन म्हणाली, "तू काहून बोलत नाही वं? तुह्या वहीत तं सगळं लिहून रायते."

सांगितलं — पुस्तक पूर्ण वाचून झालं नाही अजून.

"वीस पानंच तं होती."

वीसच होती. पण आधीची दोनशे न वाचता त्या विसांवर बोलायचं म्हणजे पंगत उठताना जाऊन मागच्या भातावर मत देण्यासारखं. हे तिला सांगितलं नाही. वहीत लिहिलं.

११ जानेवारी, रविवार

बाबांचा फोन. रविवारी पक्षकार येत नाहीत, म्हणून रविवार माझा.

"काय वाचलं या आठवड्यात? सारांशात सांग."

सांगितलं. चार वाक्यं. ते "बरं" म्हणाले. मग, "लॉच्या सीईटीचा फॉर्म भरून टाकला तुझा."

"हो बाबा."

ठरलंच आहे तसं. मागच्या जूनमध्ये, जेवताना, आईसमोर: एक वर्ष अमरावतीत मनासारखं वाच, मग लॉ, मग अकोल्याला बाबांच्या ऑफिसात. मी शब्द दिला. तेव्हा एक वर्ष म्हणजे केवढं तरी वाटलं होतं.

लहानपणी दम्यामुळे पाचवीपर्यंत शाळेत गेलेच नाही. कोर्टात जायच्या आधी बाबा शिकवायचे. घरात एक नियम आजोबांपासून चालत आलेला. कोणाचं म्हणणं खोडायचं असेल तर आधी ते आपल्या तोंडाने मांडायचं — तो पूर्वपक्ष. इतका चोख, की समोरच्याने म्हटलं पाहिजे, "हो, हेच." मगच आपलं उत्तर द्यायचं — तो उत्तरपक्ष. आजोबा शास्त्री होते, ते हे ग्रंथांपुरतं वापरायचे. बाबा वकील. ते भाजी कोणती करायची यालाही वापरतात.

सात वर्षांची असताना मला मांजर पाळायचं होतं. आधी आईचा पूर्वपक्ष: केस, दुधाचं पातेलं, गाद्या आणि माझा दमा. असा मांडला की मलाच पटला. मांजर आलं नाही.

१५ जानेवारी, गुरुवार

मॅडमनी कालचा उरलेला तिळगूळ सगळ्यांना दिला. माझ्या हातावर ठेवताना म्हणाल्या, "तुम्ही गोड नाही बोललात तरी चालेल. बोला मात्र."

बोलले नाही. तिळगूळ तोंडात होता.

२२ जानेवारी, गुरुवार

१२ फेब्रुवारीची मांडणी माझ्याकडे! मॅडमनी विचारलंही नाही, नुसतं माझ्याकडे पाहून पानं सरकवली.

एक जुना निबंध आहे. त्याचं म्हणणं: कठीण ग्रंथ सगळ्यांनी वाचायची गरज नाही. थोड्यांनी वाचावेत, आणि बाकीच्यांना त्यांतलं सार सांगावं. ज्याला शेत पाहायचं, दुकान सांभाळायचं, त्याला सार पुरे.

पहिल्यांदा वाचला तेव्हा राग आला. दुसऱ्यांदा वाचला तेव्हा भीती वाटली, कारण माणूस मूर्ख नाही.

तास संपल्यावर मॅडमनी आणखी एक सांगितलं. पुढच्या वर्षी दोघी-तिघांना घेऊन एकच पुस्तक वाचणार. वर्षभर एकच. एकेक परिच्छेद. "ज्यांना घाई नाही त्यांच्यासाठी," म्हणाल्या. मला इतका आनंद झाला की लगेच अपराधी वाटलं. पुढच्या वर्षी मी कुठे आहे इथे?

१ फेब्रुवारी, रविवार

बाबा आज खुशीत. त्यांच्या विरुद्ध बाजूचा तरुण वकील हेडनोट वाचून उभा राहिला म्हणे. हेडनोट म्हणजे निकालाच्या डोक्यावर छापलेल्या चार ओळी. खाली चाळीस पानं. जजसाहेबांनी तिसाव्या पानावरचं विचारलं आणि पोराला घाम फुटला.

"हेडनोटवर उभा राहिला तो पडणारच," बाबा म्हणाले. "बरं, तुझं सांग. सारांशात."

१२ फेब्रुवारी, गुरुवार

बोलले.

आणि आता वाटतंय, न बोलणं किती बरं होतं.

घरच्या पद्धतीनेच गेले. आधी पूर्वपक्ष. त्या निबंधाची बाजू अशी मांडायची की लेखक स्वतः टेबलाशी बसला असता तर "हो, हेच" म्हणाला असता. त्याची उदाहरणं जुनी होती, ती बदलली. आपण डॉक्टरकडून गोळी घेतो, औषधशास्त्र वाचत नाही. घर बांधताना गवंड्यावर विश्वास टाकतो. कोणी दिवसभर बी-बियाण्याच्या दुकानात बसतं, पोती उतरवून घेतं, उधारीवाल्यांशी डोकं लावतं, त्याच्या हातात कठीण ग्रंथ देणं ही दया नाही, छळ आहे. आवाज थरथरत नव्हता. सगळे ऐकत होते. मॅडमनी पान विचारलं, मी सांगितलं. परत विचारलं, परत सांगितलं. अंगात काहीतरी संचारलं होतं.

उत्तरपक्षासाठी श्वास घेतला आणि दार उघडलं. शिपाईकाका. हातात बारावीच्या बैठक क्रमांकांच्या चिठ्ठ्या आणि डिंकाची बाटली. "मॅडम, हे टेबलं पण लागतात म्हने परीक्षेले. उठा आता."

"मॅडम, अजून माझं —"

"पुढच्या गुरुवारी," मॅडम म्हणाल्या.

पुढच्या गुरुवारी शिवजयंतीची सुट्टी आहे.

पूर्वपक्ष आहे असं मी सांगितलंच नव्हतं. घरी कोणी सांगत नाही! घरी कोणी पहिल्या वीस मिनिटांत स्वतःचं मत सांगतच नाही, त्यामुळे सांगायची गरज पडत नाही.

यास्मीनच्या अब्बांचं इथून जवळच, वलगावला, बी-बियाण्याचं दुकान आहे. मी पाहिलेलं तेवढंच एक, म्हणून तेच तोंडात आलं. वाक्य अर्ध्यावर असतानाच तिच्याकडे पाहिलं होतं. ती पेनचं टोपण लावत होती.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

सौमित्रने कॅन्टीनमध्ये गिला वडा खाऊ घातला. स्वतःच्या पैशाने. "धाडस लागतं असं म्हणायला," म्हणाला. "मला तर पूर्ण पटलं. एकूणच आपण फार वाचतो."

सांगितलं, ते माझं मत नाही. तो म्हणाला, "आता मागे नको हटू."

यास्मीन आज आलीच नाही. मेसेज आला: "सार सांगजो मले. मी दुकानातच बसून आहो तशी."

उत्तर टाइप केलं, खोडलं, टाइप केलं, खोडलं. शेवटी "ऐक ना" एवढंच गेलं. त्यावर काही नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

महाशिवरात्र. उपासाची साबुदाण्याची उसळ तशीच ठेवून घरी फोन लावला.

बाबांना सगळं सांगितलं, वाटलं ते समजून घेतील. बाबा इतके हसले की आईने फोन हातात घेऊन विचारलं, "काय झालं यांना?"

"म्हणजे, जे तुला मान्य नाही ते तू सगळ्यांना पटवून आली?"

"हो."

"आणि तुला वकील नाही व्हायचं?"

मी असं कधी म्हटलंच नव्हतं त्यांना. त्यांना कुठून कळलं? की गमतीत म्हणाले? फोन ठेवल्यावर संध्याकाळपर्यंत हेच.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

सुट्टी. हॉस्टेलसमोरून मिरवणूक गेली, ढोल अजून कानात आहेत. यास्मीनचा आज पहिला रोजा असणार. "रमजान मुबारक" पाठवलं. "खैर मुबारक" आलं. पुढे काही नाही, पण आलं.

२२ फेब्रुवारी, रविवार

उत्तरपक्ष लिहायला बसले. कागद कोरा.

हे नीट लिहून ठेवते, कारण लाज वाटतेय. माझ्याकडे उत्तरपक्ष नाहीच. पूर्वपक्षाला बेल वाजेपर्यंत बोलू शकते. निबंध चुकीचा आहे एवढं कळतं. का चूक, ते विचारलं की मी त्याचीच बाजू परत, जास्त चांगली, सांगायला लागते.

मांजरापासून सगळं आठवून पाहिलं. सहलीला जायचं की नाही. केस कापायचे की नाही. विज्ञान की कला. दरवेळी पूर्वपक्ष माझा, बाबा "हो, हेच" म्हणायचे, पाठ थोपटायचे. आणि मग उत्तरपक्षही तेच द्यायचे! कला घेतली तीसुद्धा बाबांनीच माझी बाजू मांडली म्हणून. मी नुसती मान हलवली होती.

अजून एकही उत्तरपक्ष माझा नाही. हे वर्षही जाईल बहुतेक तसंच.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

वलगावला गेले. न विचारता. बसमध्ये तीनदा उतरून परत फिरावंसं वाटलं, एकदा खरंच उभी राहिले, कंडक्टर म्हणाला, "बसा ताई, वलगाव यायचं आहे."

यास्मीन काउंटरवर. मागे पाकिटांच्या रांगा, समोर आमचीच झेरॉक्सची पानं, त्यावर वजन म्हणून तराजूतलं किलोचं माप ठेवलेलं. तिचे अब्बा, इनायतुल्लाचाचा, म्हणाले, "आओ बेटा, बैठो. पानी लाऊं?" घरात सगळ्यांचे रोजे. मी इतक्या घाईने नको म्हटलं की तेच ओशाळले.

"माफी मांगाले आली का?" यास्मीन.

"हो."

"माफी नको. जवाब दे. त्या निबंधाले तुहा जवाब काय हाय?"

"नाही सापडत."

ती हसली. चांगलं नाही, पण हसली. "वा वं! मले दुकानात बसवून आली अन् बाहीर कसं काढाचं ते मालूम नाही."

मला एकच गोष्ट येते, तीच केली. म्हटलं, "तुझं म्हणणं मी सांगते. चुकलं तर थांबव." आणि सांगायला लागले: तुला राग दुकानाचं नाव घेतल्याचा नाही. मी तुझी मैत्रीण असून —

"नाही. नाही. ते नाही." तिने पान पुढे ओढलं. "अब्बा रोज पुसतात, आज क्या पढा? मी दोन वाक्यात सांगतो. ते म्हणतात, बस इतनाच? इसके वास्ते रोज बस का किराया? अन् मले सांगता येत नाही. ह्या एका परिच्छेदावर मी वलगावपासून राजकमल चौकापर्यंत अटकून असतो. उतराचा स्टॉप निघून जाते. ते अटकणं त्या दोन वाक्यात येतच नाही. तू म्हटलं सार पुरे. मंग मी बसमध्ये जे करून रायतो, ते काय आहे?"

मी सांगितलं. हळूहळू, तिचेच शब्द उचलून: सार हे दुसऱ्याचं वाचून झालेलं असतं. तो अडकला, सुटला, मग त्याने आपल्याला सुटलेलं दिलं. यास्मीनला अडकायचं आहे. तिचा तो हक्क आहे, मग ती दुकानात बसो की कुठे.

यास्मीनने मापावरचा हात काढला. "हो," म्हणाली. "हेच."

निघताना चाचांनी मूठभर भेंडीचं बी दिलं, हॉस्टेलच्या कुंडीत लाव म्हणून. पैसे घेईनात. बसमध्ये बसल्यावर ध्यानात आलं, "हो, हेच" ऐकल्यावर पाठ थोपटून घ्यायला मी क्षणभर थांबले होते. कोणी थोपटली नाही. आणि पुढचं मलाच सुचत होतं.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

आधीच सांगितलं: "मागच्या वेळचं माझं मत नव्हतं. पूर्वपक्ष होता. आता उत्तर."

सौमित्र दुखावला. "पण मला तर ते पटलं होतं! मी घरीही सांगितलं." गेले दोन आठवडे त्याने काहीच वाचलेलं नाही, तत्त्व म्हणून.

उत्तर पाच मिनिटांतच संपलं. आवाज थरथरला. एका ठिकाणी शब्द सापडेना तेव्हा यास्मीनने पुरवला. गोळीचं उदाहरण मला नीट खोडता आलं नाही, ते तसंच राहिलं. गोळी घेऊन माणूस बरा होतोच, त्याला काय करणार? पण अडकण्याचं बोलले. सार वाचणाऱ्याला लेखकाशी भांडता येत नाही, कारण भांडण होऊन गेलेलं असतं.

"पान कोणतं?" मॅडम.

वहीत पाहिलं. पानं उलटली. मग म्हटलं, "पान नाही मॅडम. हे माझं आहे."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "मग लिहून आणा. पान मिळेल त्याला."

५ मार्च, गुरुवार

मॅडमनी पुढच्या वर्षाच्या पुस्तकासाठी यास्मीनला आणि मला विचारलं. यास्मीनने प्रश्न संपायच्या आधी हो म्हटलं. मी म्हटलं, घरी विचारते. पाडव्यानंतर सांगायचं आहे.

"पण तुला पाह्यजे का नको?" यास्मीन.

"पाहिजे."

"मंग हे घरी सांग. पुसू नको."

८ मार्च, रविवार

"सारांशात सांग," बाबा म्हणाले. सारांशात हे सांगता आलं नाही.

१८ मार्च, बुधवार

अकोल्याची गाडी. मूर्तिजापूरला बराच वेळ थांबली. तेवढ्यात बाबांचा पूर्वपक्ष मनात मांडून झाला. गाडी सुटली तेव्हा तो मला पटलेला होता. उतरून घरी जायच्या ऐवजी थेट लॉ कॉलेजला जावं इतका.

१९ मार्च, गुरुवार. गुढीपाडवा

जेवण झालं. श्रीखंडाच्या वाट्या अजून टेबलावर होत्या. मी म्हटलं, "बाबा, मला एक मांडायचंय. आधी तुमचा पूर्वपक्ष."

बाबा ताठ बसले. हे त्यांना फार आवडतं.

आई म्हणाली, "तुमचे पक्ष झाले की वाट्या आत आणून ठेवा." पण गेली नाही, दारातच उभी राहिली.

मांडलं. मी शब्द दिला होता, तो मोडायची या घराची रीत नाही. ऑफिस बाबांनी एकट्याने उभं केलं. आता संध्याकाळी बारीक अक्षर वाचताना ते दिवा पुढे ओढतात, आणि कोणी पाहिलं की मागे सारतात. त्यांना वारसदार नको आहे. त्यांना आपल्या समोरच्या खुर्चीवर कोणीतरी हवं आहे, जिच्याशी भांडता येईल. ज्या मुलीला त्यांनी रोज सकाळी भांडायला शिकवलं, तिने ते दुसऱ्या गावी जाऊन दुसऱ्यांशी भांडण्यात घालवावं, याचं त्यांना वाईट वाटतं. ते हे कधी म्हणणार नाहीत.

बाबा वाटीकडे पाहत होते. मग म्हणाले, "हो. हेच."

"मग झालंच की!" आई. डोळ्यांना पदर. "इतकं चांगलं सांगितलं पोरीने. लॉच कर तू. मी उद्याच पेढे आणते."

"आई, हा पूर्वपक्ष आहे."

"मले नका सांगू काही. मले पटलं."

मग उत्तरपक्ष. वही उघडली नाही. म्हटलं: मी वर्षभर वाचलं आणि दर रविवारी तुम्हाला सारांश दिला. तुम्हाला वाटलं वर्ष पुरलं, कारण तुमच्यापर्यंत हेडनोटच आली. मी खालच्या चाळीस पानांत आहे. तिसाव्या पानावर अडकले आहे. तिथून उठवलं तर चांगली वकील होईनही, पण हेडनोटवर उभी राहिलेली होईन. शब्द मोडत नाही बाबा. तुम्ही मला त्यातून मोकळं करा, एवढीच विनंती आहे. नाही म्हणालात तर जूनमध्ये येते.

बाबा उठले, वाट्या स्वतः आत नेऊन ठेवल्या. दारातून म्हणाले, "पुढची तारीख."

"कधीची?"

"रविवार."

२१ मार्च, शनिवार

यास्मीनला ईदच्या शुभेच्छा दिल्या. ती म्हणाली, "शीरखुर्मा ठेवून आहे तुह्यासाठी. निकाल काय लागला?"

लागला नाही. घरात सगळे भाजीबद्दल बोलतात. आईने पेढे आणले आहेत, डबा कपाटात वर ठेवला आहे. कशाचे ते तिलाही माहीत नाही.

२२ मार्च, रविवार

स्टेशनवर सोडायला बाबा आले. गाडी यायची होती. म्हणाले, "अश्लेषाचं म्हणणं असं —" आणि फलाटावर, चहावाल्याच्या शेजारी, माझी बाजू मांडायला लागले. माझ्यापेक्षा चांगली. त्यातली एक गोष्ट तर मी म्हटलीच नव्हती: तिला बापाची भीती वाटत नाही, बाप एकटा पडेल याची वाटते.

"हेच ना?"

"हो बाबा. हेच."

गाडी आली. पेढ्यांचा डबा माझ्या मांडीवर. खिडकीतून विचारलं, "आणि उत्तरपक्ष?"

"नाही माझ्याकडे." गाडी हलली, तसे ते दोन पावलं बरोबर चालले. "आणि ते पुढच्या वर्षीचं पुस्तक — रविवारी सारांश नको सांगू. एक प्रत पाठव."